आधी बैठक, मग दाणा

पत्र असं आहे:

"आम्ही गेल्या अक्षय्य तृतीयेला शहापुरातलं जुनं कौलारू घर सोडून येळ्ळूर रस्त्याकडच्या नव्या लेआउटमध्ये राहायला आलो. प्लॉट चाळीस बाय साठ, घर पूर्वमुखी. पुढं चौदा फूट आणि मागं दहा-बारा फूट जागा मोकळी आहे. पण आमच्यात नाही की शेजारीपाजारी कुणाच्यात नाही, झाड म्हणून एक नाही. कालपरवापर्यंत इथं भात होतं. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. दिवसभर पुढच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि रोज एकदा तरी म्हणतात, 'चिमण्या येईनात की गं इकडं.' मुलानं ऑनलाइन एक फीडर मागवला, हिरव्या टोपीची प्लॅस्टिकची उभी बाटली. जिन्याच्या ग्रीलला टांगली, किलोभर बाजरी भरली. आषाढात बाजरीला मोड आले, वास सुटला. धुऊन परत भरली. गणपती झाले, दिवाळी झाली, चिमणी काही फिरकली नाही. खाली सांडलेल्यावर पारवे मात्र जमायला लागले आणि शेजारच्या अक्कांनी 'आमच्या गच्चीवर घाण होते' म्हणून दोनदा सुनावलं. झाडं लावू, पण ती मोठी होणार कधी? तोवर बिनझाडाच्या अंगणात फीडर लावायचा तरी कुठं?"

— एक वाचक, येळ्ळूर रस्ता, बेळगाव

ताई,

शहापुरातल्या तुमच्या जुन्या घरापुढं झाड होतं का हो? तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या गल्ल्या मी ओळखतो. भिंतीला भिंत लागलेली घरं, दारात गटार, गटारावर फरशी, फरशीवर सायकल. रोप लावायला वीतभर माती नाही. तरी चिमण्या होत्या, आणि इतक्या होत्या की भिंतीवरच्या आरशात स्वतःलाच बघून चोची मारत बसायच्या. तेव्हा झाड नाही म्हणून चिमण्या येत नाहीत, हे आधी डोक्यातून काढून टाका. चिमणी रानातली नव्हेच, ती माणसाच्या घराला धरून राहणारी. जुन्या घरात होतं आणि नव्यात नाही ते वेगळंच आहे. कौलाखालची वळचण, वाशांमधल्या फटी, सोप्यात ताणलेली दोरी, दारावरचं वाळकं तोरण, सूप पाखडल्यावर दारात उडणारी कणी. शंभर ठिकाणी टेकायला जागा होती. नव्या घराला स्लॅब आहे, पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती आहेत, स्टीलचं चकचकीत रेलिंग आहे. टेकायला काही नाही आणि घाबरलं तर शिरायलाही काही नाही.

चिमणी दाण्यावर थेट उतरत नाही, हे लक्षात घ्या. मी खानापूरकडं राहतो. आमच्या परड्यात सकाळी सात-सव्वासातला पहिली टोळी येते. आधी विजेच्या तारेवर पाचसहा जणी. दोन-तीन मिनिटं नुसता चिवचिवाट. मग एक नर, काळ्या गळ्याचा, परड्यात रोवलेल्या वाळक्या फांदीच्या शेंड्यावर येतो. चोच फांदीला या अंगानं, त्या अंगानं घासतो. मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळ बघतो: घार नाही ना, शिक्रा नाही ना. मग एक फांदी खाली, आणखी एक खाली, आणि टुपकन ताटाच्या कडेवर. बाजरीचा दाणा चोचीतल्या चोचीत फिरवतो, भुसकट कडेनं गळतं. हे सगळं वरून बघत बसलेल्या बाकीच्या मग भराभर उतरतात. मी कडी वाजवली की सगळी टोळी भुर्रकन दोडक्याच्या मांडवात. दोन मिनिटांनी परत तीच शिडी: तार, शेंडा, फांदी, ताट.

तुमच्या हिरव्या बाटलीला ही शिडी नव्हती. ती एका दोरीवर टांगलेली, म्हणजे वाऱ्यानं गरगर फिरणार. मागं जिन्याची भिंत, म्हणजे पळायला एकच बाजू. जिन्यावरून माणसांची चढउतार. अशा ठिकाणी चिमणीच काय, मीही जेवायला बसणार नाही. आणखी एक, दिवाळीत त्या का आल्या नाहीत ते तुमच्याच पत्रात आहे. आजूबाजूला भाताचं शिवार आहे. सुगीच्या दिवसांत बांधाबांधावर भात सांडलेलं असतं, तेव्हा तुमच्या बाजरीला विचारतो कोण? पाखरांना बाहेरच्या दाण्याची ओढ लागते ती उन्हाळ्यात आणि पावसाची झड लागते तेव्हा. म्हणजे आता, फेब्रुवारीत, तयारीला लागलात तर वेळ बरोबर साधेल.

तर पहिलं काम फीडरचं नाही, बैठकीचं. एक वाळकी फांदी मिळवा. पेरूची, चिंचेची, कशाचीही चालेल. सात-आठ फूट उंच, मनगटाएवढी जाड, वर पाचपन्नास काटक्या फुटलेली. टिळकवाडी, कॅम्पाकडं जुनी झाडं आहेत, तिकडं फांद्या छाटायचं काम चाललेलं दिसलं की मागून घ्यायची. कुणी नाही म्हणत नाही. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा घ्या, मधोमध तीन इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा उभा धरा आणि भोवती काँक्रीट ओता. फांदी त्या पाइपात खोवून पाचरा मारायच्या. एवढं काँक्रीट जवळजवळ पन्नास किलो भरतं, त्यामुळं डबा जिथं ठेवायचा तिथंच ओता; नंतर सरकवायला मुलाला सुट्टी काढावी लागेल. पाइप अशासाठी की फांदी एक-दोन पावसाळ्यांत कुजते, मग नवी खोवता येते. मातीची जागा असेल तर हा खटाटोपही नको, दोन फूट खड्डा काढून पुरली की झालं. बुंध्याला बोरीचे नाहीतर बाभळीचे काटे बांधा, मांजर चढत नाही.

गंमत म्हणजे ही फांदी उभी राहिली की दाणा न घालतासुद्धा पाखरं यायला लागतात. मोकळ्या शिवारात उंच बसायला जागा न मिळणं हीच त्यांची अडचण असते. कोतवाल येईल, वेडा राघू येईल, सकाळी दयाळ येऊन शीळ घालेल. यातलं कुणीही तुमची बाजरी खाणार नाही, सगळे किडे खाणारे. पण सासूबाईंना बघायला मिळेल आणि चिमण्यांना कळेल की ही जागा धोक्याची नाही.

आता ताट. ते फांदीला टांगू नका, वेगळ्या खांबावर ठेवा, फांदीपासून पाचसहा फुटांवर. दीड इंची जीआय पाइप आठ फुटांचा घ्या, दोन फूट जमिनीत, सहा फूट वर. मांजर उभ्या उडीत पाच फुटांपर्यंत सहज जातं म्हणून सहा. त्याहून उंच नको, कारण रोज हात पोचला पाहिजे; हात पोचत नाही ते ताट कुणी धूत नाही. जमिनीपासून चार फुटांच्या आसपास, पत्र्याचं एक नरसाळं खाली तोंड करून बसवा, छत्रीसारखं, दीड फूट रुंदीचं. मांजर, खार, उंदीर, सगळे तिथंच अडतात. आमच्या वेल्डरनं विचारलं होतं, "हे गुब्बीला (कानडीत चिमणीला) कशाला हो?" म्हटलं, गुब्बीला नव्हे बाबा, मांजराला. पाइपाला वंगण किंवा तेल मात्र चोपडू नका. काही लोक मुंग्या आणि खारी चढू नयेत म्हणून चोपडतात. ते पिसांना लागलं की पिसं चिकटतात, पाखराला ना धड उडता येत ना पावसात कोरडं राहता येत. मुंग्यांचा खडूही नको, ते विषच. दाणा थोडा ठेवला की मुंग्यांचं निम्मं काम संपतं.

ताट स्वतः करा, फूट बाय फूट. लाकडी चौकट, तळाला बारीक छिद्रांची जाळी, म्हणजे पाणी खाली गळून जातं. तुमच्या बाटलीत पाणी शिरलं पण बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून मोड आले. वर छप्पर पत्र्याचं नको: उन्हात तापतं, पावसात ताशा वाजवतं. जुन्या घराची मंगळुरी कौलं कुणी ठेवली आहेत का बघा. उतरवलेली कौलं आपल्याकडं सहसा कुणी टाकून देत नाही, कुठंतरी रचून ठेवलेली असतात. फूटभर ताटाला दोन पुरतात. एक जड असतं, दोन-अडीच किलोचं, त्यामुळं तारेनं आवळून बांधा. वारं सुटलं आणि कौल कुणाच्या डोक्यात पडलं तर चिमण्यांवरचं प्रेम तिथंच संपेल.

जागा कुठली, ते आता सांगतो. पुढचं अंगण, ईशान्य कोपऱ्याकडं. आपल्याकडं पाऊस नैऋत्येकडून येतो. येळ्ळूरच्या गडाकडनं वारं सुटलं की तुमच्या मागच्या भिंतीवर आडवं पाणी मारतं, हे तुम्ही एक पावसाळा अनुभवलंच आहे. घर पूर्वमुखी, म्हणजे पुढचं अंगण घराच्या आडोशाला येतं. तरण्या-म्हाताऱ्या पावसातसुद्धा तिथलं ताट बऱ्यापैकी कोरडं राहील, कारण वारा घरानं अडवलेला असेल. सकाळचं ऊनही तिथंच आधी येतं, आणि पाखरं सगळ्यात जास्त खातात ती सकाळी. चौदा फुटांच्या मधोमध खांब रोवा, म्हणजे घरापासून सात आणि कंपाउंडपासून सात. कंपाउंडची भिंत हा मांजरांचा हमरस्ता, तिथून उडीत ताट गाठता येऊ नये एवढं अंतर पाहिजेच. फाटक कुठल्या टोकाला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ईशान्येला असेल तर खांब दुसऱ्या टोकाला घ्या, फाटकाच्या कडेला कुणीही निवांत दाणे टिपत नाही. वरून विजेची तार गेली असेल तर तिच्याखाली लोखंडी पाइप आणि उंच फांदी दोन्ही नको, हे वेगळं सांगायला नकोच. सासूबाईंची खुर्ची आहे तिथंच राहू द्या. म्हातारी माणसं स्वस्थ बसतात, पाखरं त्यांना लवकर सरावतात. नातवंडांना मात्र दहा मिनिटं हलू नका म्हणून सांगून बघा!

या जागेत एक अडचण आहे, ती झाकून ठेवत नाही. खिडकीची काच. पाखराला काचेत आभाळ दिसतं आणि ते त्यात घुसायला जातं. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत असेल तर वेग येण्याआधीच धडक बसते, फारसं लागत नाही. तीस फुटांच्या पलीकडं असेल तर पाखराला घर आहे हे समजून वळायला वेळ मिळतो. मधलं अंतर वाईट, आणि आपल्या प्लॉटांमध्ये नेमकं मधलंच अंतर येतं. मी हे शिकलो ते एका बुलबुलाच्या जिवावर. पहिल्या वर्षी ताट हॉलच्या खिडकीसमोर दहा फुटांवर लावलं होतं. काच गडद, आरशासारखी चमकणारी. दुपारी धप्प आवाज आला. फरशीवर बुलबुल पडलेला, शेपटीखालचा लाल डाग वर, चोच उघडी, पापण्या खालून वर मिटत होत्या. ऊब होती. बुटांच्या खोक्यात भोकं पाडून, फडकं घालून तासभर अंधारात ठेवला आणि खोकं अंगणात नेऊन उघडलं. तो उडाला. चार दिवसांनी दुसरा आपटला, तो मात्र हातातच गेला. त्या संध्याकाळी खिडकीवर बाहेरून जाड सुतळ्या ताणल्या, चार-चार बोटांवर एक, उभ्या, वरपासून खालपर्यंत. दिसायला झकास नाही, पण त्यानंतर आजतागायत एकही धडक नाही. सुतळी काचेच्या बाहेरच्या अंगाला पाहिजे, आतून पडदा लावून उपयोग नाही, कारण आभाळ काचेवर बाहेरून पडतं. आणि कधी एखादं पाखरू आपटून पडलंच तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. अंधार, ऊब आणि शांतता, एवढंच.

बैठक झाली, ताट झालं, आता पळायची जागा. झाडं मोठी व्हायला वेळ लागणार, पण आडोशाला झाडच कशाला पाहिजे? तुरीची काढणी आटोपत आली असेल, कुठल्याही शेतकऱ्याकडं तुरकाठ्या मिळतील. त्यांची एक जाड मोळी बांधून उत्तरेच्या कंपाउंडला उभी टेकवा, ताटापासून आठ-दहा फुटांवर. फार जवळ नको, मांजर दबा धरून बसतं. खाली चार विटा घाला. जमिनीवर आडवा ढीग करू नका, तो कशाकशाचं घर होईल ते तुम्हाला मी सांगायला नको, भाताच्या रानात राहायला गेलाय तुम्ही. आज मोळी ठेवलीत की उद्या आडोसा तयार. याच दिवसांत तिच्या बाजूनं दोडका आणि कारलं लावा, एप्रिलपर्यंत मांडव भरेल. मिरगात एक ओळ तुरीची टाका, दिवाळीपर्यंत पुरुषभर उंच होते. या वेलींवर आणि तुरीवर औषध मारू नका. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना भरवते अळ्या आणि किडे. किडे नसलेल्या अंगणात चिमणी जेवून जाते, संसार थाटत नाही.

खायला काय घालायचं याचा फार बाऊ करू नका. बाजरी, राळे, फोडलेला जोंधळा, तांदळाची कणी. रविवार पेठेत राळे मागून कळलं नाही तर 'नवणे' म्हणा, लगेच काढून देतील. सालीसकट भात मूठभर घातलंत तर मुनिया येतील, ठिपक्या-ठिपक्यांच्या पोटाच्या, टोळीनं येतात आणि चिमण्यांपेक्षा कमी भांडतात. कच्चा तांदूळ खाल्ला की पाखराचं पोट फुटतं, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तसं असतं तर बेळगावच्या बासमतीच्या पट्ट्यात एकही पाखरू शिल्लक राहिलं नसतं. फोडणीचा, मिठाचा शिळा भात नको, बुरशी धरलेला पाव नको, फरसाण नको. भडंग आणि कुंदा आपण खायचा, पाखरांना घालायचा नाही. बुलबुलाला पपईची फोड किंवा पिकलं केळं फांदीच्या काटकीला खोचून ठेवा, तो ताटाकडं बघणार नाही. सासूबाई कावळ्याला भाकरीचा घास ठेवत असतील तर तो मागच्या दारी, कंपाउंडवर. काऊचा घास आणि चिऊचा घास एका ताटात नको.

माप महत्त्वाचं. किलोभर भरायचं नाही. सकाळी एक मूठ, दुपारी चारला अर्धी मूठ, दिवस मावळताना ताट रिकामं. उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी घाला. रात्री दाणा राहिला की उंदीर येतात, घुशी येतात, आणि त्यांच्यामागून धामण नाहीतर नाग येतो. हा धाक नव्हे, शिवाराच्या कडेला हे असंच चालतं. म्हणून ताटाखालची जागा रोज संध्याकाळी खराट्यानं झाडा. खाली फरशी असेल तर उत्तम, माती असेल तर दीड-दोन फुटांचा शहाबादी तुकडा टाका. दर पंधरा दिवसांनी ताट धुवा: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, घासून, भरपूर पाण्यानं धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच दाणा. पावसाळ्यात ऊन नसतं, त्यामुळं दोन ताटं करून ठेवलीत तर बरं, एक वाळतं तोवर दुसरं. ओला, कुबट दाणा सरळ खड्ड्यात पुरा. विष्ठेत कालवलेल्या आणि बुरशीच्या दाण्यानं पाखरं आजारी पडतात, आणि दहा जणी एका ताटात जेवत असल्या की आजार दहा जणींना होतो. एखादं पाखरू पिसं फुगवून, डोळे मिटून ताटातच बसून राहिलेलं दिसलं तर पंधरा दिवस दाणा बंद. तेवढ्यात उपाशी कुणी मरत नाही.

अक्कांचं म्हणणं बरोबर आहे, ताई. पारव्यांची वाळकी विष्ठा धुळीसारखी उडते, सतत नाकातोंडात गेली तर फुप्फुसांना त्रास होतो, आणि तुमच्या घरात ८२ वर्षांचं माणूस आहे. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५ साली महापालिकेनं ताडपत्री घालून झाकला, तेव्हा केवढा गोंधळ झाला ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. आपल्या लेआउटात तसला प्रसंग नको. उपाय सोपा आहे. ताटाच्या चारी बाजूंनी दीड इंची चौकोनाची वेल्डेड जाळी बसवा. चिमणी आणि मुनिया त्यातून आरामात आतबाहेर करतात. पारवा, कावळा, साळुंकी बाहेर राहतात. पारवे दोन-चार दिवस कौलावर बसून आशाळभूतपणे खाली बघतील, मग नाद सोडतील. गच्चीवर मात्र काहीही ठेवू नका, गच्ची पारव्यांचीच. आणि हे सगळं उभं करायच्या आधी अक्कांना एकदा चहाला बोलवून जाळी दाखवा. नंतर समजूत घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं असतं, विशेषतः त्यांनी दोनदा सुनावलं असेल तर.

पाणी दाण्याच्याही आधी सुरू करा, खरं तर आजपासूनच. मातीची पसरट परात, दीड-दोन इंच खोल, त्याहून खोल नको, मधे एक खडबडीत दगड. प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाय घसरतात. रोज सकाळी जुनं पाणी कुंडीत ओता, परात काथ्यानं घासा, ताजं भरा. रोज बदललं की डासांच्या अळ्यांना वेळ मिळत नाही. परात फांदीजवळ, पण फांदीखाली नको, नाहीतर वरून घाण पडते. मार्च-एप्रिलात दाण्याला न येणारी पाखरं पाण्याला येतात. चिमण्या पाण्यात आंघोळ करतात आणि शेजारच्या धुळीतही करतात, म्हणून एका कोपऱ्यात हातभर जागा कोरड्या मऊ मातीची राहू द्या. सगळं अंगण पेव्हरनं झाकायचा मुलाचा बेत असेल तर तेवढी जागा वाचवा.

घरट्याच्या खोक्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. २०१० पासून तो होतो, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं. त्या सुमाराला खोकी जिकडंतिकडं मिळतात, त्यातली पुष्कळ शोभेची. भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंच पाहिजे. मोठं असेल तर साळुंकी शिरते. पोर्चच्या स्लॅबखाली, आठ-दहा फुटांवर, पश्चिमेकडं तोंड न करता, आणि ताटापासून लांब. घराच्या दारात खानावळ कुणाला आवडत नाही.

झाडं लावाच, मागच्या दारी. कढीपत्ता, त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ सोडत नाहीत. तुती, मिरगात फांदी खोचली तरी लागते. शेवगा वर्षभरात डोक्यावर जातो आणि फुलांवर शिंजीर येतात, पण वाऱ्यात मोडतो, म्हणून घरापासून आणि तारेपासून जरा लांब. वड-पिंपळाचा मोह दहा फुटांच्या परड्यात नको.

किती दिवस लागतील? पहिले आठ-पंधरा दिवस काहीच होणार नाही असं धरून चाला. रोज एकाच वेळी पाणी बदला, एकाच वेळी मूठ टाका, जागा हलवू नका. आपण आठवड्यात कंटाळून ताट इकडून तिकडं नेतो आणि पाखरांना पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. आधी फांदीवर कोण बसतं, मग पाण्याला कोण उतरतं, मग ताटाच्या कडेवर कोण येतं, हे सासूबाईंना टिपून ठेवायला सांगा. त्यांना लिहायचा कंटाळा असेल तर नुसतं सांगू द्या, वहीत तुम्ही उतरवा.

ती हिरवी बाटली फेकू नका. तिच्यात भाताचं पिंजर आणि नारळाचा मोकळा केलेला काथ्या ठासून भरा आणि फांदीला दोन दोऱ्यांनी घट्ट बांधा, फिरणार नाही अशी. दाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून चिमण्या एकेक काडी ओढून घरट्याला नेतात. शिवणाचा लांब दोरा, नायलॉन, केसांचा गुंता मात्र त्यात घालू नका, पिल्लांच्या पायाला गुंडाळतो.